वाचकांचे प्रश्न: अमेरिकेत वासराला दोन लाख, तरी तिथला रँचर कळप का वाढवत नाही?

दिवाळीपासून आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सॲपवर एकच विषय फिरतोय, अमेरिकेतले जनावरांचे भाव. कुणीतरी ओक्लाहोमाच्या लिलावाचा व्हिडिओ टाकलाय, कुणी डॉलरचे रुपये करून विचारतंय की हे खरं का. मी कॅन्ससमधल्या एका फीडयार्डात, म्हणजे कत्तलीआधी जनावरं खुराकावर वाढवतात त्या ठिकाणी, बारा वर्षं जनावरांच्या खुराकाचं प्रमाण बसवायचं काम केलं, तिथल्या लोकांशी अजून बोलणं होतं आणि २०२५ च्या ऑक्टोबरात महिनाभर तिकडे जाऊनही आलो, म्हणून संपादकांनी ही सगळी पत्रं माझ्याकडे दिली. या वेळचं सगळं पान याच विषयाला.

प्रश्न: दादा, माझ्याकडे आठ एचएफ, म्हणजे होल्स्टीन जातीच्या दुधाच्या गाई आहेत. मोबाईलवर बघितलं की अमेरिकेत सात महिन्यांचं वासरू दोन लाखांना गेलं. आमच्याकडे एचएफचा गोऱ्हा फुकट न्यायला कुणी तयार नाही. तिकडे एवढा भाव कशाचा? (एक वाचक, सांगोला)

उत्तर: भाव खरा आहे. फक्त तुम्ही व्हिडिओत बघितलं ते दुधाच्या गाईचं वासरू नाही, ते अँगससारख्या मांसाच्या जातीचं आहे. तिथं वासरू नगावर नाही, वजनावर विकतात, पौंडाला अमुक डॉलर. आईचं दूध तोडलेलं सहा-सात महिन्यांचं वासरू साधारण ५५० पौंडांचं, म्हणजे अडीचशे किलोचं भरतं. पौंडाला ४ डॉलर धरा, २,२०० डॉलर झाले, आजच्या डॉलरच्या भावानं जवळपास दोन लाख. हेच वासरू पाच-सहा वर्षांपूर्वी दीड डॉलरच्या आसपास जायचं, म्हणजे सगळं मिळून सव्वाआठशे डॉलर. त्या पैशात रँचरचा, म्हणजे कुरणावर गाई पाळून वासरं विकणाऱ्याचा, वर्षाचा खर्चसुद्धा धड निघत नव्हता हे पण लक्षात घ्या, कारण नुसतं आजचं बघितलं की वाटतं ही माणसं कायमच एवढी कमावतात.

आता कशाचा भाव, तर जनावरं कमी झालीत, सरळ गोष्ट आहे. अमेरिकेचं कृषी खातं दर वर्षी १ जानेवारीचा आकडा काढतं. २०२५ च्या जानेवारीला तिथं गाई, बैल, वासरं सगळं मिळून ८ कोटी ६७ लाख जनावरं होती, १९५१ नंतरचा सगळ्यात कमी आकडा. त्यात मांसाच्या जातीच्या गाई, ज्या वासरं देतात, त्या २ कोटी ७९ लाख. १९७५ ला हाच एकूण आकडा १३ कोटी २० लाख होता. तेव्हापेक्षा आजचं एकेक जनावर खूप जड आहे, त्यामुळे दोन-तृतीयांश जनावरांत तेव्हापेक्षा जास्त मांस निघतं. पण जनावर जड करायला पण काहीतरी हद्द आहे, आणि खाणारं गिऱ्हाईक काही कमी झालं नाही.

गाई कमी झाल्या त्या दुष्काळानं. २०२० ते २०२३ टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का, हा सगळा चराऊ पट्टा वाळून गेला. सांगोल्याच्या माणसाला दुष्काळ काय ते मी सांगायची गरज नाही. तिथं छावणी नसते एवढाच फरक. शेततळी आटली, सुक्या गवताच्या गाठींचा भाव डोक्यावर गेला, आणि माणसानं आधी म्हाताऱ्या गाई विकल्या, मग मधल्या, मग गाभण सुद्धा. २०२२ ला मी फीडयार्डात असताना बघितलंय, ट्रकमधून चांगल्या तरण्या गाई कत्तलखान्याकडे जात होत्या, चारचार वेतं अजून पोटात बाकी असलेल्या. दुष्काळात वासरू विकलं तर एक वासरू गेलं, गाय विकली तर पुढची सहा-सात वासरं गेली. त्या न जन्मलेल्या वासरांचा भाव आज लागतोय.

तुमच्या गोऱ्ह्याचं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे ४ मार्च २०१५ पासून बैल, वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, शेतात ट्रॅक्टर आला, त्यामुळे संकरित गोऱ्ह्याला ना कामाचं गिऱ्हाईक राहिलं ना दुसरं, आणि त्याला पोसायचा खर्च तेवढा दावणीच्या मालकावर आला. धोरण बरं की वाईट हा वाद मी इथं घालत नाही, पण खर्च कुणाच्या अंगावर पडला ते स्पष्ट बोललं पाहिजे. अमेरिकेत पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी दुधाच्या गोठ्यातल्या गोऱ्ह्याला किंमत नव्हती. मग गोठेवाल्यांनी एक केलं, आपल्या सगळ्यात चांगल्या गाईंना सेक्स सॉर्टेड सीमेन, म्हणजे कालवडच होईल असं वीर्य, आणि उरलेल्या गाईंना अँगस वळूचं सीमेन. हे काळं संकरित वासरू २०२५ ला एक-दोन दिवसांचं असताना हजार डॉलरच्या वर गेलं. त्याचा उलटा परिणाम पण झाला, अर्ध्या गाईंना अँगस भरल्यावर दुधाच्या कालवडी कमी पडायला लागल्या, २०२५ च्या जानेवारीला तिथं दुधाच्या कालवडींचा आकडा १९७८ नंतरचा सगळ्यात कमी होता आणि विण्यावर आलेली कालवड तीन हजार डॉलरच्या पुढे गेली. तुम्हाला यातला पहिला अर्धा भाग घेण्यासारखा आहे. लिंगनिश्चित रेतनाची कांडी आता आपल्याकडे सरकारी दवाखान्यात आणि दूध संघांकडे मिळते, शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात, गोऱ्ह्याचा प्रश्न तिथंच बराचसा मिटतो. फक्त कालवडींना आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या निरोगी गाईंना भरा, वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे भरूनही गाभण न राहणाऱ्या गाईवर ती कांडी वाया घालवू नका.

प्रश्न: सर, मी कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. पुस्तकात शिकलो की भाव वाढला की उत्पादन वाढतं आणि भाव खाली येतो. मग तीन वर्षं भाव वाढतोय तरी अमेरिकेत कळप का वाढत नाही? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, आणि याचं उत्तर मी ऑक्टोबरात एका माणसाच्या खिशातल्या वहीत बघून आलोय.

ओक्लाहोमा सिटीला नॅशनल स्टॉकयार्ड्स आहे, १९१० पासूनचा बाजार, लहान जनावरांचा जगातला सगळ्यात मोठा समजला जातो. सोमवार-मंगळवार लिलाव. खाली मैलभर लाकडी वाडे, त्यात जनावरं, आणि वरून चालायला लाकडी पूल, त्या पुलावरून चालत लिलावाच्या खोलीपर्यंत जायचं. खोलीत पायऱ्यांवर खुर्च्या, समोर रिंगण, रिंगणात एका लॉटची वासरं आत येतात, पडद्यावर नग किती, सरासरी वजन किती ते दिसतं, लिलाववाला एका दमात बोलत सुटतो आणि अर्ध्या मिनिटात सौदा तुटतो, भाव सगळ्यांनी ऐकलेला असतो. माझे वडील मला काष्टीच्या बाजाराला न्यायचे, तिथं हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, उपरण्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून भाव ठरायचा, मला नुसतं वडिलांचं मनगट हललेलं दिसायचं आणि घरी येताना विचारलं तरी सांगायचे नाहीत की कितीला गेला. त्यामुळे ती उघडी बोली मला आजही नवीन वाटते.

तर माझ्या शेजारी एक साठीच्या पुढचे रँचर बसले होते. त्यांची वासरं आत यायची होती. खिशात बोटभर पेन्सिल आणि वही. त्यांनी एकतीस वासरं आणली होती, त्यात चौदा कालवडी. घरून निघताना ठरवलं होतं की आठ कालवडी ठेवायच्या, कळप वाढवायचा. सकाळी ट्रेलरमध्ये सगळ्या भरल्या. का, तर वहीत हिशोब होता आणि तो त्यांनी मला दाखवला.

हिशोब असा. आज विकली तर एका कालवडीचे १,९०० डॉलर हातात. ठेवली तर ती पुढच्या उन्हाळ्यात, २०२६ च्या जूनला वळूखाली जाईल. नऊ महिने नऊ दिवस, म्हणजे २०२७ च्या मार्चला व्यायेल. ते वासरू विकायला येईल २०२७ च्या ऑक्टोबरला. तोपर्यंत एक रुपया नाही. दर वर्षी तिच्यावर चारा, औषध, जागा धरून हजार डॉलरचा खर्च. म्हणजे आजचे सोडलेले १,९०० आणि वर दोन हजार, एकोणचाळीसशे डॉलर त्या एका गाईत अडकले, आणि बँकेचं व्याज आठ टक्क्यांच्या आसपास ते वेगळंच. आणि पहिलं वासरू ज्या दिवशी बाजारात येईल त्या दिवशी भाव काय असेल ते कुणाला ठाऊक नाही.

त्यांनी वहीची मागची पानं उलटून २०१४ चं पान काढलं. तेव्हा पण असाच भाव चढला होता, तेव्हाचा विक्रम होता तो. त्यांनी बारा कालवडी ठेवल्या होत्या. सगळ्यांनीच ठेवल्या होत्या. त्या व्याल्या आणि २०१६ च्या शेवटाला वासरं बाजारात आली तेव्हा भाव निम्म्यावर आला होता. पानावर दोन आकडे होते, एकाखाली एक, आणि दुसऱ्याखाली पेन्सिलीनं दोनदा रेघ ओढलेली. मग त्यांची वासरं आत आली, बोली झाली, त्यांनी आकडा लिहिला, वही खिशात ठेवली आणि मला म्हणाले की पैसे चांगले झाले, पण संध्याकाळी घरी गेल्यावर तो वाडा रिकामा दिसेल.

म्हणून पुस्तकात आहे ते चूक नाही, पण पुस्तकात कांदा किंवा कोंबडी धरलेली असते. कोंबडीचा माल सहा आठवड्यांत वाढतो. गाईच्या बाबतीत माल आणि यंत्र एकच आहे. कालवड विकली तर मांस, ठेवली तर वासरं देणारी गाय. आणि भाव जितका चढेल तितकी ती विकायची ओढ जास्त. वर कळप वाढवायला माणसं जेव्हा कालवडी ठेवायला लागतात तेव्हा बाजारात येणारी जनावरं आणखी कमी होतात आणि भाव अजून चढतो, मग दोन-तीन वर्षांनी एकदम सगळी वासरं येतात आणि कोसळतो. तिकडे याला कॅटल सायकल म्हणतात, साधारण दहा वर्षांचा फेरा. तू प्रोजेक्टला विषय शोधत असशील तर यावरच कर, आपल्याकडच्या दुधाच्या कालवडींना पण हा फेरा किती लागू होतो ते कुणीतरी नीट बघायला पाहिजे.

आणि एक गोष्ट हिशोबात येत नाही. अमेरिकेतल्या शेती करणाऱ्यांचं सरासरी वय २०२२ च्या त्यांच्या कृषी गणनेत ५८ च्या वर निघालंय. पासष्टीच्या माणसाला दोन वर्षांनी पैसे देणारी गाय घ्यायला लावणं सोपं नाही, मुलगा शहरात असेल तर त्याहून नाही.

प्रश्न: तिथल्या रँचर लोकांना पुढं बाजार कसा वाटतो? अजून वाढणार म्हणतात की पडणार? (एक वाचक, काटोल)

उत्तर: मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं होतं की वासरं कमी आहेत ती दोन वर्षं तरी कमीच राहणार, त्यामुळे बाजाराच्या स्वतःच्या जोरावर भाव लगेच पडायचं कारण नाही. भीती त्यांना वेगळ्याची वाटते, एका दिवसात बाहेरून येणाऱ्या बातमीची.

ती ऑक्टोबरातच आली. फीडर वासरांचा, म्हणजे फीडयार्डात जाणाऱ्या वासरांचा वायदा (पुढच्या महिन्यांसाठी आज ठरणारा भाव) ऑक्टोबरच्या मध्याला शंभर पौंडाला ३८० डॉलरच्या आसपास पोचला होता. मग राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले की मांस स्वस्त करायला अर्जेंटिनाकडून घेऊ, आणि कमी करात येणाऱ्या अर्जेंटिनाच्या मांसाचा कोटा २० हजार टनांवरून ८० हजार टनांवर नेण्याची घोषणा झाली. अमेरिका जेवढं मांस खाते त्यात हा आकडा अगदी चिमूटभर आहे. पण बाजार आकड्यावर नाही, धसक्यावर हलतो. नोव्हेंबरात ब्राझीलच्या मांसावरचा वाढीव करही काढला. दीडएक महिन्यात वायदा पन्नास डॉलरहून जास्त खाली आला. ज्यानं वासरं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विकली तो सुटला, ज्याची नोव्हेंबरात जायची होती त्याचं एका वासरामागे शेकड्यानं नुकसान झालं, आणि दोघांनी पण वर्षभर सारखीच मेहनत केलेली. कांद्याची निर्यातबंदी एका रात्रीत आलेली ज्यांनी बघितली त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी भीती माशीची. मेक्सिकोत एक माशी पसरलीय, न्यू वर्ल्ड स्क्रूवर्म. जिवंत जनावराच्या जखमेवर अंडी घालते आणि अळ्या ताजं मांस खात आत जातात. आपल्याकडे जखमेत किडे पडतात, आपण टर्पेंटाइनचा बोळा घालतो, तसलाच प्रकार, माशीची जात वेगळी आणि ही फार आक्रमक, वासराची नाळसुद्धा तिला पुरते. अमेरिकेनं १९६६ ला ही माशी देशातून हटवली होती, आणि कशी हटवली ते वाचण्यासारखं आहे, कारखान्यात कोट्यवधी माश्या वाढवायच्या, किरणोत्सर्गानं नर वांझ करायचे आणि विमानातून सोडायचे. मादी आयुष्यात एकदाच नर घेते, तो वांझ निघाला की तिची अंडी फुकट. पनामात अजून असा कारखाना चालतो. पण २०२४ च्या नोव्हेंबरात माशी मेक्सिकोच्या दक्षिणेला सापडली आणि सरकत सरकत २०२५ च्या सप्टेंबरात टेक्सासच्या सीमेपासून ७० मैलांच्या आत आली. या माशीच्या भीतीनं २०२५ ला मेक्सिकोहून येणारी जनावरं बंद केली. एरवी वर्षाला दहा-बारा लाख वासरं तिकडून यायची, ती थांबल्यानं भाव चढायला अजून जोर मिळाला. म्हणजे टेक्सासच्या रँचरला ही बंदी तेव्हा फायद्याची होती, आणि माशी आत आली तर तोच सगळ्यात आधी बुडणार. मला एकजण म्हणाला की वडील घोड्यावरून रोज वासरांच्या नाळी तपासत फिरायचे ते मला आठवतं, आता तेवढी माणसं कुठून आणू.

म्हणून त्यांची अपेक्षा काय असं विचाराल तर अजून भाव वाढवा असं मला कुणीच म्हणालं नाही. आज ठेवलेल्या कालवडीचं पहिलं वासरू विकेपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, नियम जागेवर राहू दे, एवढं मागतायत. जे शहाणे आहेत ते त्या काळासाठी विमा घेतात, तिथं जनावरांच्या भावाचा विमा मिळतो, भाव ठरलेल्या आकड्याखाली गेला तर फरक मिळतो, हप्त्यातला काही भाग सरकार भरतं. पूर्वी फार कुणी घेत नव्हतं, आता बँकच कर्ज देताना विचारते की विमा काढलाय का. आपल्याकडे जनावर मेलं तर विमा आहे, भाव मेला तर नाही. माझ्या मते दुधाला असा विमा आला पाहिजे, अनुदानाची घोषणा आणि ते खात्यावर जमा व्हायची वाट बघणं यापेक्षा तो कितीतरी बरा, आणि दूध संघटनांनी ही मागणी लावून धरावी असं मी या पानावर तिसऱ्यांदा लिहितोय.

प्रश्न: मी ह्यूस्टनला राहते. आम्ही बीफ खात नाही, पण ऑफिसात सगळे खिम्याच्या भावावरून वैतागलेत. रँचर लोक लुटतायत असं म्हणतात. खरंच का हो? (एक वाचक भगिनी)

उत्तर: नाही. ताई, तुमच्या ऑफिसातल्यांचा राग समजतो, खिमा २०२० च्या सुरुवातीला पौंडाला ४ डॉलरच्या आत होता, २०२५ च्या ऑगस्टात सरासरी ६ डॉलर ३२ सेंट झाला. पण रँचर आणि त्यांचं ताट यांच्या मध्ये दोन घरं आहेत. रँचर वासरू फीडयार्डाला विकतो, फीडयार्ड त्याला वाफवून चपटा केलेला मका आणि मुरघास घालून पाच-सहा महिन्यांत १,४०० पौंडांच्या वर नेतं, मग ते पॅकरकडे, म्हणजे कत्तल करून मांस विकणाऱ्या कंपनीकडे जातं. टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ, या चार कंपन्या अशा तयार जनावरांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास घेतात. दारात गिऱ्हाईक चारच असल्यावर विकणाऱ्याची बाजू कायम लंगडी असते. कोरोनात कत्तलखाने बंद पडले तेव्हा दुकानात मांस महाग आणि रँचरच्या वाड्यात जनावर मातीमोल, असं दोन्ही एकाच वेळी झालं होतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय, आमच्या यार्डात तयार जनावरं उभी होती आणि कुणी घ्यायला नव्हतं.

२०२५ ला पारडं फिरलं, जनावर कमी म्हणून पॅकर तोट्यात गेले. नोव्हेंबरात टायसननं नेब्रास्कातल्या लेक्सिंग्टनचा कारखाना २०२६ च्या जानेवारीत बंद करायचं जाहीर केलं, दिवसाला पाच हजार जनावरं घ्यायची ताकद, ३,२०० कामगार, आणि गाव जेमतेम अकरा हजार वस्तीचं. तिथल्या प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या घरातला पगार गेला असं समजा. रँचरांना पण याचा आनंद नाही, कारण उद्या जनावरं वाढतील तेव्हा घेणारं एक दार कमी झालेलं असेल.

प्रश्न: अमेरिकेतल्या भावाचा आपल्या बाजारावर परिणाम होईल का? (एक वाचक, उदगीर)

उत्तर: थेट नाही. आपण अमेरिकेला ना जनावर पाठवतो ना मांस, भारतातून निर्यात होतं ते म्हशीचं, आणि ते व्हिएतनाम, मलेशिया, आखाती देश असं जातं. तुमच्या गाईचा भाव दुधाच्या दरावर आणि चाऱ्यावर ठरणार. देवणी, लाल कंधारीचा तर अजूनच वेगळा हिशोब, तिथं हौस, बैलाची जोड आणि यात्रा हे सगळं धरतात.

प्रश्न: काका, दुधाला बरा दर आहे म्हणून गाईंचे भाव पण वाढलेत. सव्वा लाखाची दुसऱ्या वेताची गाय बघून ठेवलीय, कर्ज मिळतंय, घेऊ का? (एक तरुण, फलटण)

उत्तर: घाई करू नकोस, आधी त्या ओक्लाहोमाच्या काकांसारखा वहीवर हिशोब मांड. मी एक मांडून देतो, तुझे आकडे तू घाल.

समजा गाय १ लाख २० हजारांना ठरली. तीनशे दिवस सरासरी १५ लिटर, ३४ रुपये दर, १ लाख ५३ हजार आले. दुधाच्या दिवसात पेंड, भुसा, हिरवा चारा, मुरघास सगळं विकत धरून दिवसाला ३५०, म्हणजे १ लाख ५ हजार गेले. आटवल्यावर ६५ दिवस २०० रुपयांनी १३ हजार. डॉक्टर, रेतन, औषधं ६ हजार. राहिले २९ हजार, यात तुझी मजुरी धरलेली नाही. आणि १२ टक्क्यांनी तीन वर्षांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला चार हजाराच्या जवळ, वर्षाचे पावणेअठ्ठेचाळीस हजार. जुळत नाही. घरचा हिरवा चारा आणि मुरघास असेल, दिवसाचे साठ रुपये वाचले, तर वर्षाला २० हजारांच्या वर फरक पडतो आणि जेमतेम हप्ता निघतो. म्हणजे तुझ्या हातात चारा असेल तरच ही गाय घे, नुसता दर बघून घेऊ नको, कारण गाईचा भाव तू आज एकदा देणार आणि दुधाचा दर तीन वर्षांत कितीदा हलेल ते सांगता येत नाही. गोठ्यात स्वतःची एखादी चांगली कालवड असेल तर हे पैसे तिच्या खाण्यावर घाल, ती तुला खूप स्वस्तात पडेल.

आणि घ्यायचीच असेल तर एका वेळचं दूध बघून सौदा करू नकोस. विकणारा आदल्या वेळचं दूध तुंबवून ठेवतो आणि कास भरलेली दिसते, त्यामुळे लागोपाठ तीन वेळा तिथं थांबून स्वतः मापून घे. दात बघ, वेत किती सांगतात त्याच्याशी जुळतात का. कानातला बारा अंकी बिल्ला बघ आणि तो ऑनलाइन कुणाच्या नावावर आहे ते तपास, २०२४ च्या १ जूनपासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला आपल्याकडे परवानगी नाही. ब्रुसेलाची (गाय गाभडवणाऱ्या रोगाची) तपासणी करून घे, त्याला चारपाचशे रुपये गेले तरी चालतील, पाचव्या महिन्यानंतर गाय गाभडली की सगळाच हिशोब बुडतो. शेवटी खाली बस, चारही सड एकेक करून हातानं पिळ, पहिली धार काळ्या फडक्यावर घे, आणि त्यात गाठी दिसल्या तर विकणारा पाच हजार कमी करतो म्हणाला तरी तिथून परत ये.